कोण म्हणतं, ते आधी सांगा!

किस्से जमवायला कोणी मुद्दाम बसत नाही. आपण भलतंच काहीतरी करत असतो आणि ते मागच्या दाराने घरात येऊन बसतात. आम्ही डहाणू-तलासरीचा इतिहास लिहायला शिकत होतो. इतिहास लिहून झाला तो थोडासाच! पण शिकताना जे घडलं ते इतकं साठलं, की अजूनही चारोटीला चहाला भेटलो की पहिला घोट घ्यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "ते आठवतंय का रे?" आणि मग चहा गार!

भेटणारे आम्ही तिघं. मी शुभांगी, तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका. मंगेश वरठा हा उधव्याजवळच्या एका पाड्यावरचा, घरातला पहिला ग्रॅज्युएट, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करणारा. आणि हेमाबेन. त्यांचं डहाणूत कापडाचं दुकान. घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी आणि भावावरून हुज्जत घालायची वेळ आली की हिंदी!

आम्हाला एकत्र आणलं चुरी सरांनी. कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवून ते रिटायर झाले आणि घरात त्यांचं मन रमेना. "मी माझ्याच बायकोला सनावळ्या विचारायला लागलोय. घर वाचवायचं असेल तर माझ्याकडे शिकायला या!" असं ते भेटेल त्याला सांगायचे. वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात दर रविवारी सकाळी वर्ग. फी नाही, परीक्षा नाही. पहिल्या रविवारी बरेच जण आले. सर लढाया आणि राजे सांगणार नाहीत, उलट आपल्यालाच कामाला लावणार, हे कळल्यावर उरलो आम्ही तिघं!

*

पहिल्याच तासाला हेमाबेन उत्साहाने म्हणाल्या, "सर, आपल्या डहाणूला चिकू फार जुन्या काळापासून आहे."

"कोण म्हणतं?" सर.

"बधाच... म्हणजे सगळेच म्हणतात की!"

"सगळ्यांचा पत्ता द्या. मी विचारून येतो."

मग सरांनी समजावलं. ज्याने स्वतः पाहिलं, ऐकलं, केलं, त्याचं सांगणं किंवा त्या वेळचा कागद, हे प्रायमरी सोर्स. बाकी सगळी ऐकीव माहिती. वाक्य कितीही गोड असलं तरी आधी विचारायचं, "कोण म्हणतं?"

हेमाबेनना हे इतकं आवडलं की त्यांनी ते घरी नेलं. नवऱ्यालाही प्रायमरी सोर्स म्हणजे काय ते समजावलं. दोन-तीन दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "आज शाक खारट झालंय."

हेमाबेन ताठ बसून म्हणाल्या, "कोण म्हणतं?"

नवऱ्याने जीभ बाहेर काढली आणि जिभेकडे बोट दाखवून म्हणाला, "आ रह्यो प्रायमरी सोर्स!"

पुढच्या रविवारी सरांनी ही गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "त्यांना वर्गात आणा. तुमच्यापेक्षा लवकर शिकले!"

*

एका रविवारी सर म्हणाले, आज वर्ग नाही, चारोटीला जा. नाक्यावर उभे राहा, तासभर बघा, मग एकमेकांशी न बोलता जे घडलं ते लिहून आणा. "हायवेचा एका तासाचा इतिहास!"

आम्ही गेलो. नशीब असं की आमच्या डोळ्यांदेखत कासाकडून येणारी, माणसं भरून नेणारी वडापची जीप आणि भाजीचा टेम्पो एकमेकांना घासले. कोणाला काही लागलं नाही, पण टोमॅटो रस्ताभर झाले आणि आवाज चढले.

मंगेशने लिहिलं : टेम्पोने जीपला ठोकलं. जीप भरलेली होती आणि पाड्यावरची माणसं घाबरली.

हेमाबेननी लिहिलं : जीपने टेम्पोला ठोकलं. एका बिचाऱ्या व्यापाऱ्याचा माल रस्त्यावर सांडला.

मी लिहिलं : दोन्ही ड्रायव्हर बेशिस्त होते, त्यांना कोणी तरी शिस्त लावायला हवी होती.

सरांनी तिन्ही कागद वाचले. चष्मा काढला.

"तुमच्यापैकी खोटं कोण बोललं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "कोणीच नाही सर."

"जीपने जायची सवय असलेल्याने जीप पाहिली. दुकानदाराने माल पाहिला. बाईंनी तर दोन मुलांना वर्गाबाहेरच उभं केलं! आता समजा, यातला एकच कागद शिल्लक राहिला आणि शंभर वर्षांनी कोणाला तो सापडला, तर?"

तेवढ्यात मंगेश हळूच म्हणाला, "सर, माझाच कागद जपून ठेवा!"

*

मुलाखत घेणं म्हणजे काय, गप्पाच तर मारायच्या! अशी माझी समजूत. मी मोठ्या ऐटीत कासाजवळच्या एका पाड्यावर गेले. एक म्हाताऱ्या बाई अंगणात बसल्या होत्या. फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि भरभरून विचारलं. लहानपणी खूप हाल झाले असतील ना? "हां बाय." पण मजाही खूप असेल ना? "हां बाय." पाणी लांबून आणावं लागत असेल? "हां बाय." पण तेव्हा पाणी भरपूर असेल? "हां बाय!"

खूप प्रेमळ बाई. निघताना हातात काकडीसुद्धा दिली.

रविवारी मी रेकॉर्डिंग वाजवलं. सर डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होते. मला वाटलं, भारावले.

"छान आहे," ते म्हणाले. "यात शुभांगीबाईंच्या मनात काय काय आहे ते सगळं आलंय. त्या आजींची मुलाखत कधी घेणार?"

मी पुन्हा गेले. या वेळी एवढंच विचारलं, "आजी, तुम्ही लहान होता तेव्हा सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करायचात?" आणि गप्प बसले. गप्प बसणं मास्तरणीला किती जड जातं ते मास्तरणीलाच ठाऊक! पण आजी बोलायला लागल्या ते उन्हं अंगणातून घरावर चढेपर्यंत थांबल्या नाहीत. विस्तव शेजारून कसा आणायचा, तो वाटेत विझला तर कसं परत जायचं, आणि शेजारणीशी भांडण झालं असेल त्या दिवशी घरात चूल कशी उशिरा पेटायची!

हे मला कधी सुचलंच नसतं विचारायला.

*

लेखनाचा तास निराळाच. मी उधव्याच्या बाजारावर निबंध लिहून नेला. चांगला दोन पानी. शाळेत माझ्या निबंधांना बक्षिसं मिळायची, त्यामुळे मी निश्चिंत होते. "सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या, हिरवाईने नटलेल्या, निसर्गरम्य उधवा गावी रंगीबेरंगी, गजबजलेला, चैतन्यमय बाजार पूर्वापार भरत आलेला आहे."

सरांनी पेन्सिल घेतली. "कुशीत" गेलं. "नटलेल्या" गेलं. "चैतन्यमय"वर पेन्सिल जरा थांबली, मला आशा वाटली, पण तेही गेलं. "पूर्वापार"च्या डोक्यावर लिहिलं, "म्हणजे कधीपासून?" पेन्सिल चालतच राहिली. दोन पानांत शेवटी एवढंच उरलं : "उधव्याला बाजार भरतो."

मी रडवेली होऊन म्हटलं, "सर, हे एक वाक्य तरी बरोबर आहे ना?"

"आहे की!" सर म्हणाले. मग पुन्हा पेन्सिल उचलून समासात लिहिलं, "कोणत्या वारी?"

*

डहाणूत चिकूची मोठी वाडी असलेले एक इराणी काका होते. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. हेमाबेन त्यांच्याशी बोलल्या, मी शेजारी बसून टिपून घेत होते. काका वाडीबद्दल गुजरातीत बोलले. कलमं, खत, वारा, वटवाघळं, सगळं गुजरातीत. व्यापाऱ्यांचा विषय निघाल्यावर चिडून हिंदीत. आपण शाळेत कसे हुशार होतो ते इंग्रजीत!

मग हेमाबेननी विचारलं, "काका, लहानपणी तुम्हाला कोणी सांभाळलं?"

काका एकदम थांबले. आणि मराठीत म्हणाले, "जानी होती. आमच्याकडे कामाला होती. ती मला काखोटीला मारून आखी वाडी फिरवायची. मी जेवत नाय तर ती पण नाय जेवायची." पुढे ते बराच वेळ मराठीतच बोलत राहिले. त्यांच्या मराठीत पाड्यावरचे शब्द होते, जानीचेच असणार. शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आम्ही दोघी समुद्राकडे पाहत बसलो. मोठं माणूस रडत असताना आपण कुठे बघायचं असतं, ते सरांनी शिकवलं नव्हतं.

रविवारी प्रश्न पडला. हे सगळं मराठीत उतरवायचं, पण मग काका एकाच भाषेत बोलले असं वाटणार.

सर म्हणाले, "सगळं मराठीत लिहा. फक्त जानीचं नाव येतं तिथे खाली तळटीप द्या : इथे भाषा बदलली."

मी आजवर कितीतरी तळटिपा वाचल्या. पण पुन्हा पुन्हा उघडून वाचते, ती एवढी एकच.

*

एका पाड्यावर पाण्याची टाकी आहे. तिच्यावर संगमरवरी पाटी. अमुक साहेबांच्या शुभहस्ते उद्घाटन, तारीख वगैरे. मंगेशने पाटीचा फोटो काढला, मजकूर वहीत उतरवून घेतला आणि म्हणाला, "सर, हा घ्या, दगडावर कोरलेला पुरावा! आता तरी 'कोण म्हणतं' विचारू नका."

सर म्हणाले, "विचारत नाही. आपण टाकीवर पाणी प्यायला जाऊ."

गेलो. तिथे बायका होत्या, म्हातारे होते. सरांनी नुसतं म्हटलं, "उद्घाटनाला मोठा कार्यक्रम झाला असेल." तर सगळे हसायलाच लागले! त्या दिवशी म्हणे ओढ्याला पाणी आलं आणि साहेबांची गाडी पलीकडेच अडकली. इकडे रांगोळी काढलेली, नारळ आणलेला, बायका हंडे घेऊन उभ्या. दुपार टळली. शेवटी पाड्यावरच्या शिंप्याकडे कात्री होती म्हणून त्यालाच पुढे केला. त्याने फीत कापली, आणि हाताशी आलीच आहे तर म्हणून ती घडी घालून खिशात टाकली. घरी जाऊन पोरीच्या वेणीला बांधली!

"पण पाटीवर तर साहेबांचं नाव आहे," मंगेश म्हणाला.

सरांनी पाटीवर हात फिरवला. "त्या बिचाऱ्या दगडाचा काय दोष? तो आधीच लिहून आला होता!"

*

आता तो वर्ग नाही. सर मुलीकडे नाशिकला गेले. वाचनालयाचा मागचा व्हरांडा काचा लावून बंद केलाय, तिथे कॉम्प्युटर ठेवलेत. परवा त्या बाजूने गेले तर आत मुलं परीक्षेचे फॉर्म भरत होती. मी काचेतून जरा वेळ पाहत उभी राहिले. आतल्या एकीने विचारलं, "मॅडम, काही हवंय का?" काय सांगणार! सरांचा फोन येतो अधूनमधून. कान कमी झालेत, त्यामुळे बोलतात तेच. पण मी म्हटलं, "सर, डहाणूला आता पूर्वीसारखी हवा नाही राहिली," तर तेवढं बरोबर ऐकू येतं आणि पलीकडून प्रश्न येतोच!

पण हे सगळं बाजूला ठेवा. मंगेशच्या आजाची गोष्ट सांगते.

*

वर्गाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एक विषय घेतला. उधव्याला पहिली बस आली, तो दिवस. छोटासाच विषय, पण त्या दिवशी तिथे असलेली माणसं अजून होती, आणि सर म्हणाले, की हे काम आत्ताच करायला हवं. लिहून झालं की शाळेत सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं.

मंगेश सगळ्यात खूश. कारण त्याचा आजा, नवशा, आयुष्यभर सांगत आला होता, की "पहिल्या बसमधे मी बसलेला!" पाड्यावर लग्न असो, बारसं असो, नवशा आजा ही गोष्ट सांगणारच. मंगेश ती ऐकतच मोठा झालेला. लेखाची सुरुवात आजापासून करायची, हे त्याने मनात पक्कं केलं होतं.

तेवढ्यात हेमाबेनना कंडक्टर सापडला! त्या पहिल्या बसचा. म्हातारा झालेला, डहाणूतच राहणारा, त्यांच्याच दुकानात लुंगी घ्यायला आलेला. आम्ही त्या कंडक्टरच्या घरी गेलो. त्यांना दिवस लख्ख आठवत होता.

"उधव्याला हार घातले, ढोल वाजवले, गाडीला हात लावून लावून पाहिलं. पण बसायला कोणी तयार होईना! सगळे घाबरलेले. परत निघालो तेव्हा गाडीत उधव्याचं एकच माणूस होतं."

मंगेश पुढे सरकला. "उंच होता? कानात बाळी?"

"छे! बाई होती. तरुण पोरगी. मांडीवर टोपली धरून सगळ्यात मागे बसली होती. तलासरीपर्यंत रडत होती."

पुढच्या रविवारी तो वर्गाला आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, मी हे सोडतो. आजा खोटारडा आहे असं मी शाळेत सगळ्यांसमोर वाचू? तो पुढच्या रांगेत बसणार आहे, नवीन सदरा शिवलाय त्याने."

सर म्हणाले, "आजोबांना विचारलंस?"

"तो तेच सांगतो. बसलो म्हणजे बसलो."

"आणि आजीला?"

"चैती आजीला? तिला काय माहीत? ती कधी त्या गोष्टीत बोलतच नाही. आजा सुरू झाला की ती उठून आत जाते."

सर लगेच उठले. "चला."

आम्ही पोचलो तेव्हा आजी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आजा खाटेवर. आम्हाला पाहून त्याला वाटलं पुन्हा गोष्ट ऐकायला आलोत. तो सावरून बसला. पण सर आजीसमोर जमिनीवर बसले, दोन शेंगा उचलून सोलायला लागले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही पहिल्यांदा बसमध्ये बसलात तो दिवस आठवतो का?"

आजीचा हात थांबला. आजा घाईघाईने म्हणाला, "तिला नाय आठवत!"

"आठवतां की," आजी म्हणाली. "पन मना कोनी इचारलाच नाय."

आणि तिने सांगितलं. त्या दिवशी नवशाशी तिचं मोठं भांडण झालेलं. ती घर सोडून कायमची माहेरी निघाली होती. स्वतःची कोंबडी तेवढी टोपलीत घेतली. वाटेवर बस उभी दिसली. सगळे म्हणत होते, बसू नको, मरशील. ती म्हणाली, मेले तर मेले! आणि चढली. तलासरीला उतरल्यावर मात्र पुढचा रस्ता कळेना, म्हणून झाडाखाली बसून राहिली. तेवढ्यात डोंगराच्या वाटेने नवशा धावत आला. पायांत काटे, अंगावर घाम. काही बोलला नाही. तीही बोलली नाही. बस तिथेच उभी होती, उधव्याला परत जाणारी. दोघं चढले आणि घरी आले.

मंगेश आजाकडे वळला. त्याचा आवाज चिरकला. "मग तू सगळ्यांना पहिल्या बसमधे बसलो म्हणून काय सांगतोस?"

"मंग?" आजा डोळे मोठे करून म्हणाला. "तीच गाडी नव्हं का ती?"

आम्ही सरांकडे पाहिलं. सर इतके हसले की त्यांच्या हातातली शेंग पडली. "अरे मंगेश, पहिली बस म्हणजे पहिली गाडी की पहिली फेरी, हे आपण ठरवलंच नव्हतं! तुझा आजा खोटं बोलला नाही. फक्त आजीला वगळून बोलला."

आजा भिंतीकडे तोंड करून बिडी शोधायला लागला. मंगेश आजीच्या शेजारी जाऊन बसला. त्यानेही शेंगा सोलायला घेतल्या. मग त्याने हळूच विचारलं,

"आजी, तू तर कायमची चाललेली. हा आला तरी एक शब्द बोलला नाही, माफी मागितली नाही. मग तू परत का आलीस?"

आजीने मान वर करून खाटेकडे पाहिलं. आजा अजून भिंतीकडेच तोंड करून होता. तिने पुढची शेंग उचलली.

"काय करनार?" ती म्हणाली. "माझी कोंबडी घेऊन हा आधीच गाडीत चढला ना!"